वाट खचलेली नव्हती

सदा दुकानासमोर आला की आधी हॉर्न वाजतो. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याला त्याच्या तीनचाकी स्कूटरवरून चटकन उतरता येत नाही. म्हणून तो रस्त्यावरूनच हॉर्न वाजवून मला बाहेर काढतो, आणि मी पायरी उतरेपर्यंत, "आण्णा, म्हातारं झालासा की," असं काहीतरी ऐकवतो. त्या सकाळी हॉर्न वाजला नाही. मी खिळ्यांच्या पेट्या लावत होतो. सहज मान वर केली तर सदा स्कूटर बंद करून, दोन्ही हात हँडलवर ठेवून नुसता दुकानाकडे बघत बसलेला. मी बाहेर गेलो. "मेजर गेलं," तो म्हणाला. लक्ष्मीपुरीतली सकाळची गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली.

याला आता दीड महिना होऊन गेला. मेजर म्हणजे फुलेवाडीचे दौलतराव खोत. सैन्यात ते मेजर नव्हते, नाईक म्हणून घरी आले. पण आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात आणि त्यांनी ते कधी नाकारलं नाही. "सरकारनं न्हाय दिलं, गावानं दिलं," म्हणायचे. एकाहत्तरच्या लढाईनंतर सीमेवर सुरुंग काढण्याच्या कामात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याविषयी ते फारसं बोलत नसत. त्यांच्याविषयी मात्र आता पुष्कळ बोललं जातं. तालमीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथं एका वक्त्यानं मोठ्या प्रेमानं सांगितलं, की मेजर धाडसी होते तसेच शहाणेही होते. गगनबावड्याकडच्या त्या कड्याच्या तोंडाशी गेल्यावर आपल्या एका पायाचा अंदाज घेऊन ते शांतपणे मागे फिरले. लोकांच्या माना डोलल्या. माझ्या मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "शांतपणे कसलं? टरकलं हुतं म्हातारं."

मी उठून काही बोललो नाही. कड्यावरच्या त्या दिवशीही नाही. म्हणून हे लिहितो आहे. दौलतराव खोत त्या कड्यावरून भिऊन मागे फिरले नाहीत, आणि अंदाज घेऊनही नाहीत. ते का फिरले हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच आहे, आणि तो मी आहे.

आमची ओळख झाली ती दुकानातच. एक्याण्णव-ब्याण्णव साल असेल. दुपारची वेळ, काउंटरवर चार गिऱ्हाइकं. एक उंच, पिळदार मिशांचा माणूस आत आला, स्टुलावर बसला, विजारीचा पाय वर सरकवून त्यानं पट्टे सोडले आणि आपला कृत्रिम पाय उचलून बुटासकट माझ्या काउंटरवर ठेवला. "ह्याचा गुडघ्याजवळचा बोल्ट ढिला झालाय. बसंल असला द्या." गिऱ्हाइकं मागं सरकली. मी तीस वर्षं बोल्ट विकले होते, पण पायाचा कधी बघितला नव्हता. मी एकेक लावून बघत होतो आणि हा माणूस माझ्याच दुकानातला चहा पीत, बाहेर उभ्या असलेल्या माझ्या टेंपोकडे बघत होता. दुकान बंद असतं त्या दिवशी टेंपो काय करतो, असं त्यानं विचारलं. उभा असतो, मी म्हणालो. "गंज चढंल की त्याला," असं म्हणून त्यानं पाय बांधला, उठून दोनदा दणदण आपटून बघितला आणि पुढच्या सुट्टीला सकाळी टेंपो घेऊन फुलेवाडीला यायला मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आणि मी गेलो. का गेलो, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. आमच्या जयसिंगपूरच्या घरात व्यापाराशिवाय दुसरा विषय नव्हता. सुट्टी म्हणजे हिशेब आणि दुपारची झोप. रान मी एसटीच्या खिडकीतून बघितलेलं.

कोल्हापुरात रस्सा मंडळं गल्लोगल्ली असतात. मित्रांनी जमायचं, मटण, मसाला आणि भांडी घेऊन एखाद्या ओढ्याकाठी जायचं, तिथंच चूल मांडायची आणि संध्याकाळी परत यायचं. मेजरचं दुखणं असं होतं, की ज्याच्या शरीरात काही उणं आहे त्याला ही मंडळं नेत नाहीत, आणि नेलंच तर टेंपोत बसवून ठेवतात आणि ताट हातात आणून देतात. "ताट घरातबी मिळतंय," ते म्हणायचे. "रान कुटं मिळतंय?" म्हणून त्यांनी आपलं मंडळ काढलं. त्यात फौजेतून जखमी होऊन आलेले तिघेचौघे होते, पानपट्टी चालवणारा सदा होता, सूतगिरणीत टेलिफोनवर बसणारा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा इस्माईल होता. लोक आम्हाला लंगडं मंडळ म्हणायला लागले. सदानं तेच नाव पुठ्ठ्यावर रंगवून घेतलं आणि टेंपोच्या काचेला लावलं. मेजर बघून एवढंच म्हणाले, की अक्षर जरा मोठं पाहिजे होतं.

दोन पायांचा आणि दोन डोळ्यांचा असा त्या मंडळात मी एकटा. शिवाय आम्ही लिंगायत, म्हणजे रस्सा मंडळात राहून रस्सा न खाणाराही मी एकटाच. माझ्यासाठी आमटीचं छोटं पातेलं वेगळं असायचं आणि त्यावर मेजरचा पहारा. एकदा सदानं गमतीनं मटणाचा डाव माझ्या पातेल्यात घातला, तर मेजरनी मला नव्यानं आमटी करून दिली आणि त्या दिवशीची सगळी भांडी सदाला घासायला लावली. ओढ्यात बसून भांडी घासताना सदा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि इस्माईल त्याला, तळ नीट घास, आवाज येईना, असं सांगत होता. रस्सा इस्माईलच करायचा. उकळीच्या आवाजावरून तो लाकूड मागं ओढायला सांगे, वासावरून मीठ सांगे. तसा रस्सा कोल्हापुरात कुठं मिळत नाही असं सगळे म्हणत. माझा त्या बाबतीत अनुभव नाही. पण तो वास अजून कधी कधी दुकानाच्या मागच्या गल्लीतून येतो, आणि मग मला पुढचं काम सुचत नाही.

मंडळाचे नियम मेजरनी फौजेतून आणले होते की स्वतः बनवले होते, कोण जाणे. मागितल्याशिवाय कुणी कुणाला हात द्यायचा नाही. चालताना एकामागे एक चालायचं. सगळ्यांच्या पुढं एकानं जायचं, वाट बघून माघारी यायचं आणि मागच्यांना सांगायचं. आणि तो जे सांगेल ते खरं धरायचं, त्यावर वाद नाही. हे काम साहजिकच माझ्याकडं आलं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की चालता चालता कुणीही म्हणावं, "माझ्यानं व्हत न्हाय," आणि ते ज्या जागी म्हटलं जाईल त्या जागी चूल मांडायची. त्याला मागं ठेवून पुढं जायचं नाही, उचलून न्यायचं नाही, आणखी थोडंच राहिलंय असं म्हणायचं नाही. त्यामुळे आम्ही कुठं निघालोय हे सकाळी ठरायचं, पण जेवायला कुठं बसणार ते कधीच माहीत नसायचं. पन्हाळ्याला म्हणून निघालो आणि अर्ध्या वाटेवरच्या आंब्याखाली जेवलो. राधानगरीच्या जंगलात एकदा टेंपोतून उतरल्या उतरल्या एका जवानानं ते शब्द उच्चारले. त्याचा कुबडीचा हात सुजला होता. टेंपोच्या मागच्या चाकाला चिकटून चूल मांडली आणि तिथं बसून आम्ही दिवसभर माकडं बघितली. कुणी हळहळलं नाही.

नदीवर गेलो की काठावर आमच्या मंडळाचा वेगळाच संसार मांडलेला असे. कुबड्या एका झाडाला टेकवलेल्या, मेजरचा पाय बुटासकट दगडावर उभा, त्यावर वाळत टाकलेला सदरा. एकदा धुणं धुवायला आलेल्या एक मावशी तो पाय बघून बादली टाकून पळाल्या. मेजर पाण्यातूनच ओरडले, "मावशी, भिऊ नगासा, राखणीला ठेवलाय त्याला." पाण्यात मेजर दोन पायांच्या माणसासारखे पोहत. पाण्यातून डोकं वर काढताना त्यांचा चेहरा असा काही निवांत असे, की मी काठावर बसून नुसता बघत राही. मला पोहता येत नव्हतं. येत नाही हे मी कधी सांगितलं नाही. भांड्यांकडं लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे, असं म्हणायचो.

त्या कड्याविषयी मेजर पहिल्यापासून बोलायचे. गगनबावड्याच्या अलीकडं त्यांचं आजोळ. लहानपणी मामाच्या म्हशी घेऊन ते धनगरवाड्याच्या वर, कारवीच्या रानातून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, जायचे आणि तिथून कड्याच्या कडेला. खाली सगळं कोकण. पण ते कोकणाविषयी कमी आणि वाऱ्याविषयी जास्त सांगायचे. खालून वारा असा वर येतो, की टोपी फेकली तर ती पडत नाही, परत अंगावर येते. हे ऐकलं की इस्माईल चूल सोडून त्यांच्याकडं तोंड करायचा. बघायची ठिकाणं त्याच्यासाठी सारखीच होती, पण फेकलेली वस्तू परत हातात येते हे त्याला करून बघायचं होतं. "मेजर, माझी टोपी खरंच परत येणार?" तो विचारायचा. "न्हाय आली तर माझा पाय टाकतो मागनं," मेजर म्हणायचे. फौजेत गेल्यापासून मेजर स्वतः तिथं परत गेले नव्हते. पाय गेल्यावर तर घरातलं कुणी त्यांना आजोळचं नावही काढू देत नव्हतं.

दोन हजार साल उलटल्यावर त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला, गुडघ्याखाली उरलेल्या तुकड्याला जखमा व्हायला लागल्या. तेव्हा त्यांनी ठरवलं, की यंदा दिवाळीनंतर जायचंच. आम्ही गेलो. गवत पिवळं पडलेलं, ऊन कोवळं. धनगरवाड्यापर्यंत टेंपो गेला. तिथून पुढं चाललो, बसलो, परत चाललो. सदा दोन्ही हातांना टायरच्या रबराचे तुकडे बांधून जमिनीवरून सरकत येत होता. वाटेत प्रत्येक जण कुठं ना कुठं तोंडाशी आलेले ते शब्द गिळत होता, हे सगळ्यांना कळत होतं. त्या दिवशी चूल लवकर मांडावी असं कुणालाच वाटत नव्हतं. मेजरच्या विजारीवर पट्ट्याच्या जागी रक्ताचा डाग आलेला मी बघितला. त्यांनीही मी बघितलेला बघितला, आणि पुढं जायची खूण केली.

बाकीचे कारवीच्या अलीकडं थांबले आणि मी नेहमीप्रमाणे एकटा पुढं गेलो. सड्यावर जायला खडकाच्या पोटातून एक आडवी वाट होती. बैलगाडी जाणार नाही, पण म्हैस जाईल एवढी रुंद. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काही नाही. लांबी फार तर आमच्या गल्लीएवढी. पलीकडं सड्याचं गवत वाऱ्यानं झोपलेलं दिसत होतं. वाट चांगली होती. म्हशींचं शेण पडलेलं होतं, म्हणजे कालपरवाच जनावरं गेलेली. मी काही पावलं टाकली, एकदा डावीकडं खाली बघितलं, आणि माझे पाय थांबले. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी त्यांना पुढं टाकायचं म्हणत होतो आणि ते ऐकत नव्हते. मी खाली बसलो. मग पोटावर पालथा पडलो आणि खडकातलं एक मूळ धरून ठेवलं. मागं, कारवीच्या पलीकडं, इस्माईल कशालातरी हसत होता. किती वेळ गेला ठाऊक नाही. सरपटतच मी मागं आलो, कपडे झटकले, तोंड पुसलं.

मंडळातला कुणीही तिथं "माझ्यानं होत नाही" असं म्हणाला असता. दहा वर्षांत ते शब्द मी प्रत्येकाच्या तोंडून ऐकले होते, आणि एकदाही कुणाची मान खाली गेलेली बघितली नव्हती. पण ते शब्द त्यांचे आहेत, माझे नाहीत, असं मला वाटत होतं. एका पायाचा माणूस रक्त गळत असताना पुढं जायला उभा आहे, आणि ज्याचं सगळं शाबूत आहे त्यानं म्हणायचं...? मी मेजरसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "वाट खचलीय, मेजर. माणूस जाणार नाही."

"पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण."

त्यांनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडं कारवीकडं बघितलं. कारवीमुळं तिथून पुढची वाट दिसतही नव्हती. इस्माईल मात्र नाक वर करून उभा होता. "वारा तर येतोय की इकडनं," तो म्हणाला. मेजर म्हणाले, "वारा कुटनंबी येतोय. आण्णा बघून आलाय न्हवं? फिरा माघारी." आणि सगळे फिरले. इस्माईलनं हातातली टोपी डोक्यावर घातली. चूल धनगरवाड्याजवळ मांडली. मेजर जेवले नाहीत, पण माझ्या आमटीत मीठ आहे का ते त्यांनी विचारलं.

त्यानंतर त्यांना तिथं जाता आलं नाही. जखम चिघळली, महिनोन्‌महिने कृत्रिम पाय घालणं बंद झालं, मंडळाचं फिरणं आधी कमी झालं आणि मग थांबलं. खचलेली वाट कोण कशाला परत बघायला जाईल? पण त्यांच्या आजोळचे लोक तर त्या वाटेनं रोज जात होते. एका लग्नात त्यांच्या मामेभावानं सगळ्यांदेखत विषय काढला, की वाट खडखडीत आहे, आपल्या म्हशी आजही जातात, दौलू भ्याला आणि आता वाट खचली म्हणून सांगतोय. गोष्ट फुलेवाडीत आली, तालमीत आली, चहाच्या गाड्यावर आली. "काय मेजर, वाट दुरुस्त झाली का?" असं पोरंटोरं विचारायला लागली. एकदा मी शेजारी बसलेलो असताना कुणीतरी तसंच छेडलं. मेजरनी कप खाली ठेवला. "आण्णा बघून आलाय," ते म्हणाले. "आण्णा खोटं बोलत न्हाय." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी होकारार्थी मान हलवली.

त्यांना शंका आली नसेल का? पुष्कळदा मी स्वतःला हे विचारतो. त्यांचे डोळे चांगले होते आणि माझ्या सदऱ्याला पोटावर माती लागलेली होती. पण पुढच्या माणसाचा शब्द खरा धरायचा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पुढं पाच-सहा वर्षं मी दर आठवड्याला त्यांच्याकडं जात होतो, आणि प्रत्येक वेळी पायऱ्या चढताना आज सांगायचं असं ठरवत होतो. ते दारातूनच काहीतरी बोलायचे, मी हसायचो, चहा यायचा, आणि दिवस निघून जायचा. आता त्या पायऱ्या चढायचं कारणच उरलं नाही, आणि तरी आठवड्याचा तो दिवस आला की माझे पाय फुलेवाडीच्या बसकडं वळतात.

शोकसभेनंतर मी आधी इस्माईलकडं गेलो. सदालाही तिथंच बोलावलं होतं. मी सगळं सांगितलं. सदा स्कूटरवर बसला आणि निघून गेला. अजून तो दुकानासमोर आलेला नाही. इस्माईल बोटांनी सतरंजी चाचपत बसला. मग म्हणाला, "आण्णा, तवाच सांगायचं की. तितंच चूल घातली असती."

मग मी मेजरच्या घरी गेलो. वत्सलावहिनी मला त्यांच्याच खोलीत घेऊन गेल्या. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्या खाटेवर बसलो. सांगायला फार वेळ लागला नाही. वहिनी खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. "लगनातनं आल्यावर ह्ये दोन दिस जेवलं न्हवतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग आण्णा? मी कवा म्हटलं ह्ये भ्यालं म्हणून? ज्यांनी म्हटलं त्यास्नी सांगा. पेपरात लिवा."

लिहितो, मी म्हणालो आणि उठायला गेलो. खाट खाली झोळलेली, माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत. एकदा प्रयत्न केला, परत बसलो. दुसऱ्यांदाही तेच. वहिनी बघत होत्या.

"वहिनी," मी म्हणालो, "माझ्यानं उठवत नाही."

"त्या दोरीला धरा," त्या म्हणाल्या. "ह्येबी तिलाच धरून उठायचं."

खाटेशेजारी खिडकीच्या गजाला एक जाड सुती दोरी बांधलेली होती. वहिनींनी चादर, उशी, पांघरूण सगळं धुऊन घडी करून ठेवलं होतं, दोरी तेवढी धुतली नव्हती. तिला गाठी मारलेल्या होत्या. वरच्या गाठी अजून पांढऱ्या होत्या, आणि जिथं हात पडतो तिथली गाठ हाताच्या तेलानं काळी, गुळगुळीत झालेली. मी ती धरली आणि उठलो.